पिकअपचा टायर ‘अचानक’ फुटत नाही: भिवंडीतील मालवाहू गाड्या, वजन, हवा आणि कायदा

अपघाताच्या बातमीत एक वाक्य नेहमी असते, ‘अचानक टायर फुटल्याने चालकाचे नियंत्रण सुटले.’ ‘अचानक’ म्हटले की कोणाचाच दोष नाही असे वाटते. प्रत्यक्षात गाडीचा टायर फुटायच्या आधी बरेच काही घडून गेलेले असते. कधी त्याला काही तास लागतात, कधी काही आठवडे. हवा कमी असते, माल जास्त असतो, खड्ड्याच्या दणक्याने आतला थर तुटलेला असतो, किंवा टायर गुळगुळीत झालेला असतो. शेवटचा आवाज तेवढा अचानक येतो.

भिवंडीसारख्या ठिकाणी, जिथे दिवसरात्र पिकअप आणि छोटे टेम्पो मालाच्या फेऱ्या मारतात, तिथे हा प्रश्न रोजचा आहे. या गाड्यांचे टायर का फुटतात, टायरवरच्या आकड्यांचा अर्थ काय, कायदा काय सांगतो आणि काय तपासावे, याची ही माहिती.

थोडक्यात

- टायर फुटण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे जादा वजन आणि कमी हवा यांमुळे टायरच्या आत साठणारी उष्णता.
- कमानपाटे वाढवले म्हणून टायरची क्षमता वाढत नाही.
- टायरच्या खाचांची खोली किमान १.६ मिमी हवी, असे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात.
- क्षमतेपेक्षा जास्त माल भरल्यास किमान २०,००० रुपये दंड आहे. तो गाडी चालवणाऱ्याला होऊ शकतो, तसाच चालवायला लावणाऱ्यालाही.
- टायर फुटणे हे ‘दैवी कृत्य’ नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले आहे.

भिवंडीतच हा प्रश्न मोठा का?

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी पूर्वीपासून यंत्रमागाचे शहर. गेल्या काही दशकांत कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे, वळ, माणकोली, सोनाळे अशा गावांच्या शिवारात गोदामे उभी राहिली आणि हा पट्टा देशातील मोठ्या गोदाम केंद्रांपैकी एक झाला. मोठे ट्रक आणि कंटेनर गोदामापर्यंत माल आणतात. तिथून मुंबई, ठाणे, कल्याण, वसईच्या दुकानांपर्यंत आणि घरांपर्यंत तो पोहोचवायचे काम मुख्यतः पिकअप आणि छोटे टेम्पो करतात. २००५ मध्ये आलेली टाटा एस, म्हणजे सगळ्यांच्या ओळखीचा ‘छोटा हत्ती’, महिंद्राच्या बोलेरो पिकअप, अशोक लेलँडची दोस्त, टाटाची इन्ट्रा या गाड्या इथे प्रत्येक नाक्यावर दिसतात.

या गाड्यांवर चढणारा माल दोन प्रकारचा असतो आणि टायरच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे.

पहिला प्रकार ऑनलाइन खरेदीच्या पार्सलांचा. खोके मोठे, वजन कमी. गाडी छतापर्यंत भरलेली दिसते, पण वजन क्षमतेच्या आत असू शकते.

दुसरा प्रकार सुताच्या गाठी, सायझिंगमधून मागाकडे जाणारे बीम, कापडाचे तागे, फरशा, लोखंडी सळया, रंगाचे डबे यांचा. इथे हौदा अर्धा रिकामा दिसतो, तरी वजन क्षमतेच्या पलीकडे गेलेले असते. नजरेने अंदाज बांधणारा माणूस इथेच फसतो. ‘अजून जागा आहे’ याचा अर्थ ‘अजून वजन चालेल’ असा होत नाही.

त्यात रस्त्यांची भर पडते. भिवंडी-वाडा रस्ता खड्ड्यांसाठी बदनाम आहे. गोदामांकडे जाणाऱ्या आतल्या रस्त्यांवर पावसाळ्यात पाणी साचते आणि खड्डा दिसतच नाही. नाशिकच्या दिशेला कसारा घाट आहे. शिवाय ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. आमणे भिवंडी तालुक्यातच आहे. त्यामुळे शहरात खड्डे चुकवत फिरणारी गाडी आता नागपूरपर्यंतच्या ७०१ किमीच्या सलग काँक्रीट रस्त्यावर थेट चढू शकते. शहरातल्या फेरीत सिग्नल, वाहतूक कोंडी आणि माल उतरवण्याच्या थांब्यांमुळे टायर अधूनमधून थंड होतात. लांबच्या सलग प्रवासात ही उसंत मिळत नाही. शहरात महिनोन्महिने निभावलेला कमजोर टायर महामार्गावर दोन तासांत जाऊ शकतो, तो यामुळे.

टायर फुटतो म्हणजे नेमके काय होते?

गाडीचे वजन मुख्यतः आतली दाबलेली हवा पेलते. टायर हे त्या हवेला धरून ठेवणारे भांडे आहे. रबर, नायलॉन किंवा पॉलिस्टरचे धागे आणि पोलादी तारा यांचे थर एकमेकांना चिकटवून ते बनवलेले असते.

चाक फिरताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग दबतो आणि वर गेला की पुन्हा मूळ आकारात येतो. ताशी ६० किमी वेगाने जाणाऱ्या पिकअपच्या चाकाचे एका मिनिटात साडेचारशेहून अधिक फेरे होतात, म्हणजे तितक्या वेळा टायरच्या बाजूची भिंत वाकते आणि सरळ होते. पत्र्याची पट्टी वारंवार वाकवली की ती गरम होते, तसेच इथेही घडते.

हवा बरोबर आणि वजन मर्यादेत असेल तर ही उष्णता थोडी असते आणि वाऱ्याने निघून जाते. हवा कमी असेल किंवा वजन जास्त असेल तर भिंत जास्त वाकते आणि जास्त उष्णता तयार होते. रबर उष्णता सहजासहजी बाहेर सोडत नाही. ती आत साठत जाते आणि थरांना चिकटवून ठेवणारी पकड सैल होऊ लागते. पोलादी पट्ट्यांच्या कडेला थर सुटायला लागले की बाहेरून फारसे काही दिसत नाही. फार तर एखाद्या वेगाला गाडी थरथरते किंवा ‘धप-धप’ असा आवाज येतो. मग कधीतरी वरचा पट्टा सोलून निघतो किंवा भिंत फाटते.

पंक्चर झालेल्या टायरवर गाडी पुढे नेण्याचा धोकाही असाच लपलेला असतो. ‘दुकान जवळच आहे’ म्हणून माल भरलेली गाडी हवा नसलेल्या टायरवर किलोमीटरभर नेली, तर भिंतीचे धागे आतून चिरडले जातात. नंतर पंक्चर काढले, हवा भरली आणि टायर नव्यासारखा दिसला, तरी तो कमजोर झालेला असतो. ओळखण्याची एक खूण आहे. टायर रिमवरून काढल्यावर आत रबराची काळी भुकटी किंवा चुरा दिसला, तर तो टायर बाद समजावा.

पिकअपची आणखी एक अडचण आहे. मोठ्या ट्रकला मागे प्रत्येक बाजूला दोन-दोन टायर असतात. एक गेला तरी दुसरा काही अंतर भार धरतो. बहुतेक पिकअपना मागे एका बाजूला एकच टायर असतो. तो फुटला की गाडीचा तो कोपरा एकदम खाली बसतो आणि माल उंच रचलेला असेल तर गाडी कलंडण्याची शक्यता वाढते.

वजनाचे गणित

गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे आरसी बुकवर, दोन आकडे असतात. रिकाम्या गाडीचे वजन आणि मालासकट कमाल वजन. दोन्हींतला फरक म्हणजे गाडीत चढवता येणारा एकूण भार. चालक, मदतनीस, ताडपत्री, दोरखंड हे सगळे त्यातच मोजायचे असते.

उदाहरण म्हणून मालासकट कमाल वजन ३,००० किलो असलेली गाडी घेऊ. पूर्ण भरल्यावर तिच्या मागच्या आसावर १,९०० किलो येतात असे धरले, तर मागच्या प्रत्येक टायरवर ९५० किलो पडतात. टायरही बरोबर ९५० किलो क्षमतेचे आहेत. आता या गाडीत ६०० किलो जादा माल चढवला आणि हौदा मागे असल्याने त्यातले ५५० किलो मागच्या चाकांवर आले. प्रत्येक मागच्या टायरवर १,२२५ किलो झाले, म्हणजे क्षमतेपेक्षा सुमारे २९ टक्के जास्त. गाडीच्या एकूण वजनात वाढ २० टक्क्यांची, पण टायरच्या वाट्याला २९ टक्के. जादा मालाचा फटका चारही टायरांना सारखा बसत नाही. त्यातला बराचसा मागचे दोनच सोसतात.

माल कुठे ठेवला यानेही फरक पडतो. जड माल मागच्या फळीजवळ रचला किंवा सळया, पाईप मागे लांब बाहेर काढले, तर मागच्या टायरांवरचा भार आणखी वाढतो आणि पुढची चाके हलकी होतात. स्टिअरिंग हलके लागते, वळणावर गाडी हवी तशी वळत नाही. एकाच बाजूला माल रचला तर त्या बाजूचा टायर मर्यादेपलीकडे जातो, जरी एकूण वजन नियमात असले तरी. जड माल केबिनच्या बाजूने, खाली आणि दोन्ही बाजूंना सारखा विभागून ठेवणे हा फुकटचा उपाय आहे.

मालवाहतुकीत एक जुनी सवय आहे, मागे जादा कमानपाटे टाकून घेण्याची. पाटे वाढवले की भरलेली गाडी खाली बसत नाही आणि ‘गाडी वजन उचलते’ असे वाटते. पण त्याने फक्त गाडी दबणे कमी होते. टायर, रिम, बेअरिंग आणि ब्रेक यांची क्षमता आहे तेवढीच राहते. उलट गाडी बसलेली दिसणे हा जादा वजनाचा जो इशारा असतो, तोच नाहीसा होतो.

माणसांची वाहतूक हाही यातलाच भाग आहे. वीटभट्टीचे मजूर, लग्नाचे वऱ्हाड, यात्रेकरू पिकअपच्या हौद्यात उभे राहून जाताना दिसतात. मालवाहू गाडीतून अशी प्रवासी वाहतूक बेकायदा आहे. पंचवीस माणसे सरासरी ६० किलोची धरली तरी दीड टन वजन होते. ते उभे असते, वळणावर एका बाजूला झुकते आणि त्याला पट्ट्याने बांधता येत नाही. मागचा टायर फुटला तर सर्वांत आधी तीच माणसे बाहेर फेकली जातात.

टायरवरचे आकडे कसे वाचायचे?

टायरच्या भिंतीवर जवळपास सगळी माहिती छापलेली असते. ती इंग्रजी अक्षरांत असते, पण समजायला अवघड नाही.

- माप: छोट्या हत्तीसारख्या गाडीवर ‘१४५ आर १२’ असे माप दिसते. १४५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी, १२ म्हणजे रिमचा व्यास इंचांत.
- एलटी: ही अक्षरे म्हणजे हलक्या मालवाहू गाडीसाठी बनवलेला टायर.
- पीआर: ‘८ पीआर’ हे टायरच्या मजबुतीचे मोजमाप. आकडा मोठा, तर टायर जास्त दाबाची हवा आणि त्यामुळे जास्त भार पेलतो.
- भार निर्देशांक: मापाच्या पुढचा दोन किंवा तीन अंकी आकडा. हे थेट किलो नसतात, त्यासाठी ठरलेला तक्ता आहे. ८० म्हणजे ४५० किलो, ९० म्हणजे ६००, १०० म्हणजे ८००, १०६ म्हणजे ९५० आणि ११० म्हणजे १,०६० किलो. ‘१०२/१००’ असे दोन आकडे असतील तर पहिला एका बाजूला एकच टायर असताना, दुसरा जोडीने टायर असताना लागू होतो.
- वेगाचे अक्षर: भार निर्देशांकाला लागून असलेले अक्षर. ‘एन’ म्हणजे ताशी १४० किमी, ‘क्यू’ म्हणजे १६०. ही मर्यादा बरोबर हवा आणि मर्यादेतले वजन असतानाची आहे.
- बनवल्याची तारीख: लंबगोल चौकटीतले चार आकडे. ‘२३२१’ म्हणजे २०२१ या वर्षातला २३ वा आठवडा.
- आयएसआय चिन्ह: व्यापारी वाहनांच्या टायरसाठी आयएस १५६३६ हे भारतीय मानक आहे आणि ते चिन्ह बंधनकारक आहे.

जुना टायर घेताना तारीख पाहायलाच हवी. रबर न वापरताही वय झाले की कडक होते आणि त्याला बारीक भेगा पडतात. रोज फिरणाऱ्या पिकअपचे चार टायर वय होण्याआधीच घासून जातात. वय होते ते पाचव्याचे, स्टेपनीचे. हौद्याखाली चिखल आणि पाणी खात लटकलेली स्टेपनी कित्येकदा गाडीच्याच वयाची असते. गरज पडते तेव्हा तिच्यात हवा नसते आणि तिचे नट गंजलेले असतात.

हवा किती, कधी आणि कशी?

कारमध्ये साधारण ३० ते ३५ पीएसआय हवा भरतात. भरलेल्या पिकअपच्या मागच्या टायरांना बहुधा याच्या दीडपट ते दुप्पट दाब लागतो. नेमका आकडा गाडीच्या दारावरच्या किंवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आणि कंपनीच्या पुस्तिकेत असतो. पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडे वेगळे असतात. काही गाड्यांना रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठीही वेगवेगळे आकडे दिलेले असतात.

हवा सकाळी, गाडी निघण्याआधी, टायर थंड असताना तपासावी. चालून गरम झालेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो. थंड असताना ६० पीएसआय असलेल्या टायरच्या आतल्या हवेचे तापमान ३० अंशांनी वाढले तर दाब सुमारे ६७ होतो. हे स्वाभाविक आहे आणि टायर बनवताना ते गृहीत धरलेले असते. अनेकजण दुपारी हा वाढलेला दाब पाहून ‘टायर फुटेल’ या भीतीने हवा काढतात. मग टायर थंड झाल्यावर दाब ५३ च्या आसपास उरतो आणि दुसऱ्या दिवशी तीच गाडी कमी हवेवर माल ओढते. टायर वाचवण्यासाठी काढलेली हवाच त्याच्या मुळावर येते.

हवा गरजेपेक्षा जास्त भरणेही चांगले नाही. टायर मध्यभागी घासतो, ब्रेकची पकड कमी होते आणि खड्ड्याचा दणका थेट धाग्यांना बसतो.

रस्त्याकडेच्या प्रत्येक कंप्रेसरचा काटा बरोबर असेलच असे नाही. काहीशे रुपयांचा स्वतःचा दाबमापक गाडीत ठेवला तर हा प्रश्न सुटतो. वॉल्व्हची टोपीही गरजेची आहे. ती नसेल तर धूळ जाऊन हवा हळूहळू गळते.

खड्डे, पाऊस आणि गुळगुळीत टायर

भरलेली गाडी वेगात खड्ड्यात आदळली की टायर रिम आणि खड्ड्याची धार यांच्यात चिमटला जातो. आतले धागे तुटतात आणि त्या जागी भिंतीला फुगा येतो. फुगा म्हणजे तिथे हवा धरून ठेवायला फक्त रबर उरले आहे. अशा टायरची दुरुस्ती होत नाही, तो बदलावाच लागतो. फुगा कधी कधी आतल्या बाजूच्या भिंतीला येतो, जिथे उभ्या माणसाची नजर जात नाही. म्हणून वाकून, गाडीखाली डोकावून पाहावे लागते.

टायरवरच्या खाचांचे काम पाणी बाजूला सारण्याचे असते. खाचा उथळ झाल्या की पावसात टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर राहतो आणि गाडी त्यावर तरंगते. मग ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही निकामी होतात. हवा कमी असेल तर हे आणखी कमी वेगाला घडते. खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर छोटे उंचवटे असतात. टायर घासत त्या उंचवट्यांपर्यंत आला की खोली १.६ मिमी उरली असे समजायचे. टायरच्या भिंतीवरचे ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरे किंवा बाणासारखा त्रिकोण या उंचवट्यांची जागा दाखवतो.

घासण्याच्या पद्धतीवरून दुखणेही कळते:

- दोन्ही कडा घासल्या तर हवा कमी राहिली किंवा वजन जास्त झाले.
- मधला भाग घासला तर हवा जास्त.
- एकच कड घासली तर अलाइनमेंट बिघडली.
- जागोजागी खळगे पडले तर शॉक अब्जॉर्बर किंवा बॅलन्सिंग पाहावे.

रिमोल्ड, जुने टायर आणि कारचे टायर

नव्या टायरांचा खर्च मोठा असतो, म्हणून स्वस्त पर्याय शोधले जातात. ते सगळेच सारखे धोकादायक नाहीत.

रिमोल्ड किंवा रिट्रेड टायर हे ट्रक आणि बसमध्ये जगभर वापरले जातात. मूळ सांगाडा तपासून, चांगल्या कारखान्यात वरचा थर चढवला असेल तर ते काम देतात. प्रश्न सांगाड्याचा असतो. जादा वजनावर आणि कमी हवेवर चाललेल्या सांगाड्यावर नवा थर चढवला, तर आतली कमजोरी फक्त झाकली जाते.

घासलेल्या टायरवर गरम ब्लेडने पुन्हा खाचा कोरण्याचा प्रकार त्याहून वाईट. त्यासाठी बनवलेले टायर वेगळे असतात आणि त्यांच्यावर तसे लिहिलेले असते. साध्या टायरवर खाचा कोरल्या की पोलादी पट्ट्यांवरचे उरलेसुरले रबरही जाते, पाणी आत शिरते आणि तारा गंजतात.

तिसरा प्रकार कारचे टायर पिकअपला लावण्याचा. रिमचा व्यास जुळतो, टायर बसतो, किंमत कमी पडते. पण कारच्या टायरचा भार निर्देशांक कमी असतो आणि पिकअपला लागणारा दाब त्याला सोसत नाही. बसतो म्हणजे चालतो, असे नव्हे.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ टायरच्या स्थितीबद्दल आहे. दुचाकी-तीनचाकींसाठी खाचांची खोली किमान ०.८ मिमी आणि इतर गाड्यांसाठी १.६ मिमी हवी. टायरचे आतले कापड किंवा धागे उघडे पडले असतील किंवा त्याला फुगा आला असेल तर तो वापरण्यायोग्य मानला जात नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार जादा वजनासाठी २०,००० रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी २,००० रुपये आहेत. जादा माल उतरवण्याचा खर्चही भरावा लागतो आणि तो उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाऊ दिली जात नाही. कलमाचे शब्द महत्त्वाचे आहेत. गाडी चालवणारा, चालवायला लावणारा आणि चालवू देणारा असे तिघेही त्यात येतात.

मालवाहू गाडीची फिटनेस तपासणी पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी होते. रोज फेऱ्या मारणाऱ्या पिकअपच्या टायरचा एक संच दोन तपासण्यांच्या मधल्या काळात पूर्ण घासून जाऊ शकतो. त्यामुळे फिटनेसचा कागद टायर आज चांगला असल्याची हमी देत नाही.

‘टायर फुटला’ हे उत्तर पुरेसे नाही

ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईकडे येणाऱ्या एका कारचे मागचे चाक फुटले, कार खोल खड्ड्यात कोसळली आणि एका प्रवाशाचा मृत्यू झाला. पुण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये कुटुंबाला १.२५ कोटी रुपये भरपाई मंजूर केली. टायर फुटणे हे दैवी कृत्य आहे, असे म्हणत विमा कंपनी उच्च न्यायालयात गेली. न्यायमूर्ती एस. जी. डिगे यांनी २०२३ मध्ये हे अपील फेटाळले. ज्यावर माणसाचा काहीच इलाज नाही अशी अनपेक्षित नैसर्गिक घटना म्हणजे दैवी कृत्य. अतिवेग, कमी किंवा जास्त हवा, जुने टायर, तापमान अशी टायर फुटण्याची कारणे असतात आणि प्रवासाआधी टायर तपासणे हे चालकाचे किंवा मालकाचे काम आहे, असे न्यायालयाने म्हटले.

दुसरे उदाहरण समृद्धी महामार्गाचे. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बसला अपघात होऊन लागलेल्या आगीत पंचवीस जणांचा मृत्यू झाला. टायर फुटल्याने अपघात झाला, असे सुरुवातीला सांगण्यात आले. अमरावतीच्या परिवहन अधिकाऱ्यांच्या अहवालाने मात्र ही शक्यता फेटाळली, कारण घटनास्थळी फुटलेल्या टायरच्या खुणा सापडल्या नाहीत. ‘टायर फुटला’ हे कारण किती सहज पुढे केले जाते, हे यातून दिसते.

अमेरिकेतील फायरस्टोन प्रकरणही इथे आठवते. ऑगस्ट २००० मध्ये या कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यातले बरेच फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवर होते. वरचा पट्टा सुटून गाड्या उलटल्या आणि अडीचशेहून अधिक मृत्यूंची नोंद झाली. चौकशीत टायरच्या दोषाबरोबर कमी हवा, उष्णता, वेग आणि भार यांचीही चर्चा झाली. त्यानंतर तिथे नवा कायदा झाला आणि पुढे नव्या हलक्या गाड्यांत हवेचा दाब कमी झाल्यावर इशारा देणारी यंत्रणा बंधनकारक झाली.

जादा मालाचा निर्णय कोण घेतो?

टायर फुटतो तेव्हा केबिनमध्ये चालक असतो. माल किती भरायचा हे मात्र बहुतेक वेळा तो ठरवत नाही. भाडे फेरीवर ठरते, त्यामुळे दोन फेऱ्यांचा माल एका फेरीत गेला तर माल पाठवणाऱ्याचे पैसे वाचतात. नवे टायर घ्यायचे की नाही हे गाडीमालक ठरवतो. नाही म्हणणाऱ्या चालकाच्या जागी दुसरा मिळतो. जोखीम मात्र त्याची आणि रस्त्यावरच्या इतरांची असते. त्यामुळे उपाय फक्त चालकाच्या सावधगिरीवर सोपवून भागत नाही. गोदामातून निघणाऱ्या प्रत्येक जड मालाच्या गाडीची काट्यावर नोंद झाली आणि त्या पावतीवर भरणाऱ्याची सही असली, तर वाद आणि धोका दोन्ही कमी होतात. स्वतःची गाडी असलेल्या चालकासाठीही काट्याची पावती हाच सर्वांत भक्कम पुरावा आहे.

फेरीआधीची पाच मिनिटांची तपासणी

१. चारही टायर आणि स्टेपनीची हवा, टायर थंड असताना, दाबमापकाने.
२. दोन्ही बाजूंच्या भिंती: फुगा, चीर, भेगा.
३. खाचा: उंचवट्यांपर्यंत घासल्या का, मध्ये खडे किंवा खिळे अडकले का.
४. चाकांचे नट. टायर बदलला असेल तर ५० ते १०० किमीनंतर पुन्हा आवळावेत.
५. जॅक, पाना आणि धोक्याचा त्रिकोण गाडीत आहे का.

धावत्या गाडीचा टायर फुटलाच तर?

पहिला विचार ब्रेक दाबण्याचा येतो, तोच टाळायचा असतो. जोरात ब्रेक मारला की गाडी फुटलेल्या बाजूला ओढली जाते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरावे, गाडी सरळ ठेवावी आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढावा. वेग उतरल्यावर खालचा गिअर टाकत डाव्या कडेला जावे. चारही इंडिकेटर लावावेत. त्रिकोण गाडीच्या बराच मागे ठेवावा. चाक बदलताना वाहतुकीच्या बाजूला बसण्याची वेळ येत असेल, तर गाडी आणखी थोडी पुढे सुरक्षित जागी न्यावी. टायर आधीच गेलेला असतो, तो वाचवण्यासाठी जीव धोक्यात घालू नये.

नेहमीचे प्रश्न

नायट्रोजन भरल्याने टायर फुटत नाही का?
साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजनने दाब थोडा जास्त काळ टिकतो आणि ओलावा कमी राहतो. जादा वजन, खड्डा किंवा कमी दाब यांपासून तो वाचवत नाही.

काँक्रीटच्या रस्त्याने टायर फुटतात का?
चांगला टायर, बरोबर हवा आणि मर्यादेतले वजन असेल तर नाही. सलग वेगाने टायर तापतो आणि आधीचा दोष उघडा पडतो. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार मालवाहू गाड्यांना द्रुतगती मार्गावर ताशी ८० किमी ही मर्यादा आहे. दर दोन तासांनी थांबून टायरांवर नजर टाकावी. एखादा टायर इतरांपेक्षा खूपच तापलेला वाटला तर हवा कमी आहे किंवा ब्रेक धरतो आहे, असे समजावे.

दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर कुठे लावावेत?
साधारण शिफारस मागच्या चाकांना लावण्याची आहे. मागची पकड सुटली की गाडी फिरते आणि ती सावरणे अवघड असते. पिकअपमध्ये भारही मागेच जास्त असतो. मात्र पुढे गेलेले टायरही १.६ मिमीच्या वर असायलाच हवेत.

पंक्चर किती वेळा काढावे?
आकडा ठरलेला नाही, जागा महत्त्वाची. मधल्या पट्ट्यातले छोटे छिद्र आतून पॅच लावून नीट बुजवता येते. बाहेरून घातलेली स्ट्रिप तात्पुरती समजावी. बाजूच्या भिंतीला छिद्र किंवा चीर पडली असेल, तर माल वाहणाऱ्या गाडीला तो टायर पुन्हा लावू नये.